आधीचा अर्ज फेटाळल्यानंतर लग्नाच्या आधारावर अमेरिकेचं ग्रीन कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एच-१बीचं एक्स्टेन्शन नामंजूर झालं, असायलमचा (आश्रयाचा) अर्ज फेटाळला गेला, आधीच्या लग्नावरची पिटीशन, म्हणजे जोडीदाराने तुमच्यासाठी केलेला अर्ज, नाकारली, व्हिजिटर व्हिसा दोनदा हुकला. बोलताना आपण या सगळ्यालाच ‘रिजेक्ट झालं’ म्हणतो, पण कायद्याच्या लेखी ही चार वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. खालची उत्तरं मुख्यतः अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांसाठी आहेत. जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल तर नियम कुठे बदलतो, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आधी एकदा नकार मिळाला असेल तर लग्नावर अर्ज करता येतो का?

येतो. नुसत्या नकारामुळे पुढचा अर्ज अडत नाही आणि नव्या अर्जासाठी अमुक महिने थांबा असा नियमही नाही. अडतं ते नकाराच्या कारणापाशी. पगाराची स्लिप कमी पडली म्हणून आलेला नकार नव्या अर्जात जवळजवळ बिनमहत्त्वाचा ठरतो. उलट ‘खोटी माहिती दिली’ असा शेरा फाइलमध्ये असेल, तर तो वीस वर्षांनीही समोर येतो.

तीन शेरे सगळ्यांत जड. पहिला, आधीचं लग्न इमिग्रेशनसाठी केलेलं बनावट लग्न होतं. दुसरा, असायलमचा अर्ज जाणूनबुजून खोटा होता. कायद्यात त्याला ‘फ्रिव्हलस’ म्हणतात. तिसरा, ३० सप्टेंबर १९९६ नंतर कधीतरी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवून घेतलं. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर ‘सिटिझन’च्या चौकोनात केलेली खूण किंवा ड्रायव्हिंग लायसन्स काढताना नकळत झालेली मतदार नोंदणी, इथून हा तिसरा शेरा सुरू होऊ शकतो. ग्रीन कार्डाच्या बाबतीत या तिघांनाही माफी जवळजवळ नाहीच.

रिजेक्ट, डिनाय आणि विथड्रॉ यांत फरक काय?

फी चुकली, सही राहिली किंवा फॉर्मची आवृत्ती जुनी निघाली, तर पाकीट तसंच परत येतं. हे रिजेक्शन, त्यात निर्णय झालेलाच नसतो. डिनायल म्हणजे कारण नोंदवून दिलेला लेखी निर्णय. बायोमेट्रिक्सला किंवा मुलाखतीला न गेल्यामुळे, किंवा जादा पुरावे मागणाऱ्या पत्राला उत्तर न दिल्यामुळे अर्ज ‘सोडून दिला’ असं धरतात, आणि तोही डिनायलच असतो. स्वतःहून मागे घेतलेला अर्ज विथड्रॉ होतो, पण त्यातली माहिती फाइलमध्ये राहते.

व्हिसाच्या खिडकीवर मिळालेली २२१(जी)ची, म्हणजे कागद किंवा तपासणी बाकी असल्याची, चिठ्ठी अनेक जण नकार म्हणून मोजतच नाहीत. परराष्ट्र खातं मात्र तिला नकारच मानतं.

फॉर्ममध्ये जुना नकार सांगावा लागतो का? तो फार जुना असेल तरी?

हो. प्रश्नात ‘कधीही’ असा शब्द असेल तर त्याचा अर्थ कधीही असाच होतो. नकार सांगितल्याने अर्ज बुडत नाही. लपवल्याने बुडू शकतो, कारण तेव्हा लपवणं हाच नवा गुन्हा ठरतो. तारीख नेमकी आठवत नसेल तर अंदाजे लिहून ती अंदाजे असल्याचं अॅडिशनल इन्फर्मेशनच्या भागात नोंदवा.

नकाराचं पत्र हरवलं आहे किंवा जुना वकील फाइल देत नाही. काय करावं?

माहिती अधिकारासारखा अमेरिकेतला कायदा म्हणजे फॉइया. त्याखाली यूएससीआयएसच्या (हे अर्ज हाताळणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) ऑनलाइन खात्यातून स्वतःची संपूर्ण ए-फाइल, म्हणजे इमिग्रेशनची फाइल, मागवता येते. ए-नंबर (नऊ आकडी), जुन्या पावत्यांवरचे केस नंबर, आधीची सगळी नावं आणि जन्मतारीख द्यावी लागते. साधारणपणे फी पडत नाही. प्रती यायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

एका अर्जात सगळं येत नाही. इमिग्रेशन कोर्टाची फाइल ही कोर्टं चालवणाऱ्या ईओआयआर या कार्यालयाकडून वेगळी मागवावी लागते. प्रवेशाच्या नोंदी, विमानतळावर घेतलेले जबाब आणि जुने आय-९४ (प्रवेश आणि राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) सीबीपी या सीमा तपासणी खात्याकडून येतात. कॉन्सुलेटच्या व्हिसा नोंदी कायद्याने गोपनीय आहेत. तिथून बहुधा तुम्ही स्वतः दिलेले कागदच परत मिळतात, अधिकाऱ्याचे शेरे मिळत नाहीत. म्हणून डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्मच्या जुन्या पीडीएफ ईमेलमध्ये शोधून ठेवा.

आमचं स्पष्ट मत असं, की डोक्यावर एखादी मुदत नसेल तर फाइल हातात येण्याआधी आय-४८५, म्हणजे अमेरिकेतून करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज, पाठवू नये.

फाइल आल्यावर तिच्यात काय शोधायचं?

आधी नकाराच्या पत्रात कोणतं कलम लिहिलं आहे ते पाहा. २०४(सी) म्हणजे लग्नाच्या बनावटपणाचा शेरा. २१२(ए)(६)(सी) म्हणजे खोटी माहिती. २१४(बी) म्हणजे परत जाल याची खात्री पटली नाही, आणि लग्नाच्या केसमध्ये याचं वजन फारच कमी, कारण आता कायमचं राहण्याचा हेतू लपवायचाच नसतो.

मग एनटीए, म्हणजे कोर्टात हजर राहण्याची नोटीस, शोधा. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ भरायचा असतो. तो न भरल्यामुळे नोटीस जुन्या अपार्टमेंटमध्ये गेली, तारखेला कोणी उभं राहिलं नाही आणि गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघाला, असं घडतं; त्या माणसाला वर्षानुवर्षं याचा पत्ताही नसतो. ईओआयआरच्या ऑनलाइन केस पोर्टलवर ए-नंबर टाकून हे पाच मिनिटांत तपासता येतं. नोटीस मिळालीच नव्हती असं दाखवता आलं, तर ती केस उघडण्याचा अर्ज कधीही करता येतो. नोटीस मिळूनही आजारपणासारख्या असाधारण कारणाने जाता आलं नसेल, तर मुदत १८० दिवसांची.

जुन्या आणि नव्या कागदांतली माहिती जुळत नाही. हे किती गंभीर आहे?

कशात जुळत नाही त्यावर. अधिकारी जुना फॉर्म आणि नवा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचतो. जन्मगाव एकीकडे गावाचं आणि दुसरीकडे तालुक्याचं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून आणि जन्मनोंदीवर दुसरीच तारीख, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, वडिलांचं नाव मधल्या नावाच्या जागी. असले फरक भारतीय फाइलींमध्ये नेहमीचे आहेत. एका पानाचं स्पष्टीकरण आणि मूळ दाखल्याची प्रत दिली की बहुतेक वेळा निभावतं.

वैवाहिक स्थिती, मुलं, नोकरीची ठिकाणं आणि प्रवासाच्या तारखा यांतली तफावत मात्र महागात पडते. समजा, गावी विधिवत लग्न झालं, नोंदणी केली नव्हती, आणि पुढे स्टुडंट व्हिसाच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिलं. हिंदू विवाह कायद्याखाली विधी पूर्ण झाले की लग्न वैध असतं, नोंदणी असो वा नसो. म्हणजे ते उत्तर चुकीचं होतं, आणि घटस्फोट न घेता केलेलं आताचं लग्नही रद्दबातल ठरू शकतं. हे अर्ज पाठवण्याआधी सोडवायला हवं. मुलाखतीच्या टेबलावर सुटत नाही.

माझ्या आधीच्या लग्नावरची पिटीशन नाकारली गेली होती. आता दुसरं लग्न खरं आहे. चालेल?

इथे दोन नकार वेगळे ओळखावे लागतात. पहिला प्रकार: ‘लग्न खरं असल्याचं पुरेसं सिद्ध झालं नाही’. हा पुराव्याचा तुटवडा. नव्या जोडीदाराच्या पिटीशनला तो बाधत नाही, फक्त प्रश्न जास्त विचारले जातात. दुसरा प्रकार: ‘लग्न इमिग्रेशन कायदा चुकवण्यासाठीच केलं होतं’ असा निष्कर्ष. हे कलम २०४(सी). हा निष्कर्ष टिकला तर तुमच्यासाठी पुढे कोणाचीही पिटीशन मंजूर होऊ शकत नाही, मग ती नव्या जोडीदाराची असो, भावाची असो की कंपनीची. आताचं लग्न दहा वर्षांचं असेल आणि दोन मुलं असतील तरीही. या कलमाला माफीचा फॉर्मच नाही.

सुटका एकाच वाटेने: तो निष्कर्ष चुकीचा होता हे दाखवणं. त्यासाठी फाइलमध्ये ‘ठोस आणि सिद्ध करणारा’ पुरावा असावा लागतो, आणि बीआयएने, म्हणजे बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, २०१९ मध्ये पी. सिंग या प्रकरणात ही कसोटी साध्या ‘बहुधा असं झालं असावं’ पेक्षा वरची असल्याचं सांगितलं. नुसता संशय, शेजाऱ्याचा अर्धवट जबाब किंवा घटस्फोटाच्या रागात पूर्वीच्या जोडीदाराने लिहिलेलं पत्र, एवढ्यावर निष्कर्ष उभा असेल तर लढायला जागा आहे. पूर्वीच्या जोडीदाराने ‘पैसे घेऊन लग्न केलं’ असं शपथेवर सविस्तर लिहून दिलं असेल तर वाट अवघड.

व्यवहारात असं होतं: नवी आय-१३०, म्हणजे जोडीदाराची पिटीशन, गेली की काही महिन्यांनी नकाराच्या इराद्याचं पत्र, म्हणजे नोईड, येतं. उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवस. त्या पत्रात तुमच्याविरुद्धची माहिती उघड करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून आधीच्या लग्नाच्या काळातले भाडेकरार, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न आणि फोटो आधीच जमवून ठेवायचे. तीस दिवसांत जुन्या बँकेकडून आठ वर्षांपूर्वीची स्टेटमेंट काढणं होत नाही.

आणि बनावट लग्न हा फौजदारी गुन्हाही आहे: पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. आधीच्या लग्नात खरोखर काळंबेरं असेल तर फौजदारी जाणणाऱ्या वकिलाशी बोलल्याशिवाय एकही कागद पाठवू नका.

जोडीदार तोच आहे, आमचीच पहिली पिटीशन नाकारली गेली. अपील करावं की नवा अर्ज?

आय-१३०च्या नकारावरचं अपील बीआयएकडे ईओआयआर-२९ या फॉर्मवर जातं. मुदत ३० दिवस, निर्णय टपालाने आला असेल तर ३३. आय-४८५च्या नकारावर अपील नसतं. आय-२९०बीवर केस पुन्हा उघडण्याची किंवा फेरविचाराची विनंती करता येते, मुदत तीच.

पुरावे कमी होते एवढंच कारण असेल तर नवा अर्ज बरा. अपिलात जुनीच फाइल तपासली जाते आणि वेळही बराच जातो. नव्या अर्जात मधल्या काळात जमलेला संसाराचा पुरावा देता येतो. पण निर्णयात २०४(सी)चा किंवा खोटेपणाचा उल्लेख असेल तर अपिलाची मुदत सोडू नका. उत्तर न दिलेला शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी आणखी घट्ट होतो.

लग्न खरं असल्याचा पुरावा किती आणि कसला लागतो?

लग्नाचा आठशे फोटोंचा अल्बम एका दिवसाचा पुरावा असतो. अधिकाऱ्याला त्यानंतरचे दिवस बघायचे असतात. दोन-तीन वर्षांत विखुरलेले वीस-तीस फोटो, मागे तारीख, जागा आणि माणसांची नावं, एवढं पुरतं.

वजनदार कागद असे: दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा घराचं कर्ज, जॉइंट खात्याची किमान बारा महिन्यांची स्टेटमेंट, ज्यात पगार जमा होतो आणि किराणा, वीज, भाडं जातं, एकत्र भरलेलं टॅक्स रिटर्न, आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर डब्ल्यू-७ भरून घेतलेला आयटीआयएन, आरोग्य आणि गाडीचा विमा, आयुष्य विम्यावर किंवा ४०१(के) या निवृत्ती खात्यावर नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव, मुलांचे जन्मदाखले. ओळखीच्या दोन-तीन जणांची शपथपत्रं द्या, पण ‘हे आदर्श जोडपं आहे’ असली वाक्यं निरुपयोगी. कधी भेटले, कुठल्या घरी, काय पाहिलं, हे लिहायला सांगा.

काय फसतं? अर्जाच्या आदल्या महिन्यात उघडलेलं आणि दोनशे डॉलर पडून असलेलं जॉइंट खातं. मुलाखतीच्या आठवड्यात झालेला भाडेकरार. दोघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर वेगळे पत्ते आणि त्याचं स्पष्टीकरण नाही. नोकरीमुळे वेगळ्या शहरांत राहणं हा दोष नाही, पण मग विमानाची तिकिटं, कॉलच्या नोंदी आणि एकत्र येण्याची योजना दाखवा.

माझं स्टेटस संपलं आहे, मध्ये परवानगीशिवाय कामही केलं. तरी अमेरिकेतूनच अर्ज होईल?

जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि तुमचा शेवटचा प्रवेश रीतसर, म्हणजे तपासणी होऊन किंवा पॅरोलवर (तात्पुरत्या प्रवेशाच्या परवानगीवर) झाला असेल, तर बहुतेक वेळा होतो. नागरिकाच्या पती-पत्नीला ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त राहणं) आणि विनापरवाना काम या दोन्हींसाठी कायद्यातच सूट आहे. पण प्रवेश सिद्ध करावा लागतो: आय-९४, पासपोर्टवरचा शिक्का, सीबीपीची नोंद.

अपवाद लक्षात ठेवा. के-१ या वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना फक्त त्याच व्यक्तीच्या लग्नावर ग्रीन कार्ड मिळतं, जिने के-१ची पिटीशन केली. जहाजावर किंवा विमानावर कर्मचारी म्हणून सी-१/डी व्हिसावर आलेल्यांना आतून अर्ज करता येत नाही. मर्चंट नेव्हीतल्यांनी हे नीट बघावं. जे-१ या एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असेल तर आधी ती अट पूर्ण करा किंवा तिची माफी मिळवा.

जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल तर ही सूट नाही. तेव्हा आय-१३० भरून ठेवावी आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाची वाट पाहावी. नागरिकत्व मिळालं की तीच पिटीशन आपोआप वरच्या वर्गात जाते.

सीमा ओलांडून, तपासणीशिवाय आलो असेन तर?

मग लग्न झालं तरी साधारणतः आय-४८५ चालत नाही. वाट भारतातल्या मुलाखतीची, आणि बाहेर पडण्याआधी आय-६०१ए ही अवैध वास्तव्याची तात्पुरती माफी मिळवण्याची. ती फक्त अवैध वास्तव्य माफ करते. जुन्या अर्जातला खोटेपणा माफ करत नाही. मुंबईत मुलाखतीत नवं कारण निघालं तर ती माफी रद्द होते आणि माणूस बाहेर अडकतो.

इथे जुना नकार कधी कधी उपयोगी पडतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. ३० एप्रिल २००१ पर्यंत तुमच्यासाठी, किंवा तुम्ही मूल असताना तुमच्या आईवडिलांसाठी, पिटीशन किंवा लेबर सर्टिफिकेशन (मालकाने नोकरीसाठी केलेला अर्ज) दाखल झालं असेल तर कलम २४५(आय) लागू होऊ शकतं. ते प्रकरण पुढे नाकारलं गेलं असलं तरी दाखल करताना मंजूर होण्याजोगं होतं असं दाखवता आलं, तर १,००० डॉलर दंड भरून आतूनच अर्ज करता येतो. दाखल तारीख १४ जानेवारी १९९८ नंतरची असेल तर २१ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेत असल्याचा पुरावाही लागतो. काकांनी, मामांनी किंवा एखाद्या हॉटेलमालकाने तेव्हा काही भरलं होतं का, हे घरी विचाराच.

माझं असायलम फेटाळलं गेलं आहे. लग्नावर अर्ज करू शकतो का?

असायलम ऑफिसने नाकारलं आणि तेव्हा स्टेटस नव्हतं, तर केस कोर्टाकडे गेलेली असते. न्यायाधीशानेही नाकारलं तर हद्दपारीचा आदेश असतो. आदेश असेल तर आधी ती केस उघडावी लागते. अंतिम आदेशापासून ९० दिवसांत एकदाच ‘मोशन टू रीओपन’ करता येते. त्यानंतर सरकारी वकिलाच्या संमतीने संयुक्त मोशन हा मुख्य मार्ग उरतो. विमानतळावर किंवा नाक्यावर ‘अरायव्हिंग एलियन’ म्हणून पॅरोलवर घेतलेल्यांची गोष्ट वेगळी: त्यांची आय-४८५ कोर्टाऐवजी यूएससीआयएस पाहू शकतं. मात्र त्याने जुना आदेश आपोआप थांबत नाही.

असायलमच्या जबाबात जे लिहिलं तेच आय-४८५मध्ये तपासलं जातं. ‘भारतात जिवाला धोका’ असं लिहून नंतर भारतवारी केली असेल, किंवा तेव्हा एका राज्याचा पत्ता आणि आता दुसऱ्याच राज्याचा असेल, तर प्रश्न येणारच. एजंटाने परस्पर लिहिलेली गोष्ट तुम्ही न वाचता सही केली असेल, तरी सही तुमचीच असते.

कोर्टात केस चालू असताना लग्न केलं तर?

आय-१३० यूएससीआयएसकडे जाते आणि आय-४८५ साधारणतः न्यायाधीशाकडे. केस चालू असताना झालेल्या लग्नाबद्दल कायदा आधीच संशय घेतो. म्हणून आय-१३० सोबत ‘हे लग्न खरं आहे, सूट द्यावी’ अशी लेखी विनंती जोडावी लागते आणि पुराव्याची कसोटी नेहमीपेक्षा वर असते. ती विनंती विसरली म्हणून पिटीशन नाकारली जाते, आणि तो नकार टाळता येण्याजोगा असतो. आय-१३०ची पावती मिळाली की न्यायाधीशाकडे तारीख पुढे ढकलण्याची मागणी करता येते. मिळेलच असं नाही. सुनावणी मात्र एकही चुकवू नका.

स्वखुशीने देश सोडण्याची मुदत, म्हणजे व्हॉलंटरी डिपार्चर, घेऊन गेला नसाल तर दहा वर्षं आय-४८५ बंद.

आई आजारी आहे. अर्ज चालू असताना भारतात जाऊन येऊ का?

हा प्रश्न रात्री दोन वाजता, तिकीट काढण्याच्या बेतात असताना विचारला जातो. उत्तर आधीच माहीत असू द्या.

१८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी अवैध वास्तव्य असेल तर बाहेर पडल्यावर तीन वर्षांची बंदी, वर्ष किंवा जास्त असेल तर दहा वर्षांची. ही बंदी देश सोडल्यावर लागते. आत राहून अर्ज केला तर आड येत नाही. एच-१बीचं एक्स्टेन्शन वेळेत भरलेलं असेल आणि आय-९४ संपल्यावर ते नाकारलं गेलं, तर दिवस मोजणी नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. खरा अर्ज असलेलं असायलम प्रलंबित असताना दिवस मोजले जात नाहीत, मात्र त्या काळात विनापरवाना काम केलेलं नसावं.

आय-४८५ प्रलंबित असताना अॅडव्हान्स पॅरोलशिवाय, म्हणजे परत येण्याची परवानगी आधी घेतल्याशिवाय, बाहेर पडलं तर तो अर्ज सोडल्यासारखा धरतात. वैध एच आणि एल स्टेटसवाल्यांना यात सूट आहे. अॅडव्हान्स पॅरोल घेऊन गेलं तर तीन-दहा वर्षांची बंदी लागत नाही, हे बीआयएने २०१२ मध्ये अरबल्ली प्रकरणात ठरवलं. पण हद्दपारीचा आदेश असलेल्याने पॅरोल घेऊनही जाऊ नये. बाहेर पडताच तो आदेश अमलात आला असं धरलं जातं.

जुन्या नकारात ‘खोटी माहिती’ असं लिहिलं आहे. माफी मिळते का?

मिळू शकते. आय-६०१ या फॉर्मवर, फी १,०५० डॉलर. अट अशी की तुम्हाला नाकारल्यास अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या तुमच्या जोडीदाराला किंवा आईवडिलांना अतोनात हाल सोसावे लागतील. मुलांचे हाल थेट मोजत नाहीत. मुलांमुळे जोडीदारावर काय ओढवेल ते लिहावं लागतं. विरह सगळ्यांनाच होतो, त्यावर माफी मिळत नाही. डॉक्टरांचे रिपोर्ट, औषधांचा खर्च, कर्जाचे हप्ते, सासूसासऱ्यांची जबाबदारी, जोडीदार भारतात गेला तर त्याच्या परवान्याचं आणि नोकरीचं काय होईल, हे कागदांनिशी मांडा.

त्याआधी एक तपासा: जी चूक होती ती खरोखर जाणूनबुजून आणि निर्णयावर परिणाम करणारी होती का? नसेल तर माफी मागण्याऐवजी शेऱ्यालाच आव्हान द्या.

कागदपत्रं आणि फी किती?

नागरिकाच्या जोडीदारासाठी एकाच पाकिटात आय-१३०, आय-१३०ए (जोडीदाराची माहिती), आय-४८५, आय-८६४ (आर्थिक हमी), आय-६९३ (मेडिकल), आणि हवं असल्यास कामाच्या परवान्यासाठी आय-७६५ व प्रवासासाठी आय-१३१. एप्रिल २०२४ पासूनचे दर: आय-१३० कागदी ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५, आय-४८५ साठी १,४४०, सोबतच्या आय-७६५ ला २६०, आय-१३१ ला ६३०. पाठवायच्या दिवशी फॉर्मच्या पानावर दर आणि आवृत्तीची तारीख पुन्हा बघा. आधीच्या अर्जाची फी वळती होत नाही. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी चेक साधारणतः घेत नाहीत. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यासाठी जी-१६५० जोडा.

दोघांच्याही आधीच्या प्रत्येक लग्नाच्या समाप्तीचा पुरावा हवा. मराठी दाखल्यांना इंग्रजी भाषांतर आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन पुरतं. नोटरी लागत नाही.

आधीच्या अर्जातली मेडिकल पुन्हा वापरता येते का?

नाही. १ नोव्हेंबर २०२३ पासून सही झालेला आय-६९३ ज्या अर्जासोबत दिला तो प्रलंबित असेपर्यंतच चालतो, असा नियम जून २०२५ मध्ये आला. जुना अर्ज नाकारला किंवा मागे घेतला की ती मेडिकल संपली. नवी करून पाकिटातच घाला. डिसेंबर २०२४ पासून ती अर्जासोबतच लागते.

उत्पन्न किती लागतं?

पिटीशन करणाऱ्या जोडीदाराचं, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घरासाठी २६,४३७ डॉलर. आकडा दरवर्षी बदलतो. कमी पडत असेल तर दुसरा जामीनदार, किंवा तुटीच्या तिप्पट मालमत्ता.

मुलाखतीत जुना विषय निघाला तर?

निघणारच, असं धरून जा. ‘तेव्हा काय झालं?’ याचं उत्तर चार वाक्यांत, फाइलशी जुळणारं हवं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाज बांधू नका. संशय असेल तर दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. न्यूयॉर्कमधल्या सत्तरच्या दशकातल्या खटल्यावरून तिला स्टोक्स मुलाखत म्हणतात. काल स्वयंपाक कोणी केला, भाडं कोणत्या खात्यातून जातं, रात्री पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण, असले प्रश्न. पाठांतर केलेलं लगेच कळतं. दुभाषी लागत असेल तर न्या. अर्धवट इंग्रजीत दिलेलं चुकीचं उत्तर फाइलमध्ये ‘विसंगती’ म्हणून बसतं.

जुना हद्दपारीचा आदेश असेल तर मुलाखतीच्या जागीच अटक होऊ शकते. वकिलाशिवाय जाऊ नका.

पुन्हा नकार आला तर काय होईल?

स्टेटस नसेल तर बहुधा एनटीए. २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार, नकारानंतर जो वैध स्टेटसशिवाय उरतो त्याला यूएससीआयएस कोर्टाची नोटीस काढतं. म्हणूनच ‘भरून तर बघू’ हा सल्ला आता धोक्याचा आहे. कोर्टात तीच आय-४८५ न्यायाधीशापुढे पुन्हा मांडता येते, पण तोवर कामाचा परवाना जाऊ शकतो.

मंजूर झाल्यावर दोनच वर्षांचं कार्ड का आलं?

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती म्हणून. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरा. जुन्या नकाराचा इतिहास असलेल्यांनी पुरावे जमवणं मधल्या काळात थांबवू नये. तेव्हा तीच फाइल पुन्हा उघडते.

जोडीदार धमकी देतो, ‘पिटीशन मागे घेईन’. घरात मारहाण होते.

मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल तर व्हावा या महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली आय-३६० हा अर्ज स्वतःच करता येतो. जोडीदाराची सही लागत नाही, फी नाही, आणि यूएससीआयएस त्याला याबद्दल कळवत नाही. पुरुषांनाही हा मार्ग खुला आहे. घटस्फोट झाला असेल तर तो छळाशी निगडित असावा आणि अर्ज घटस्फोटापासून दोन वर्षांत जावा. पासपोर्ट, आय-९४, लग्नाचा दाखला आणि पोलिसांच्या किंवा डॉक्टरांच्या कागदांच्या प्रती घराबाहेर विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि पत्रं घरी येणार नाहीत असा सुरक्षित पत्ता फॉर्मवर द्या.